चायनाटाउनच्या फाँग बाई

विसाव्या शतकाची विशी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या अध्यापक महाविद्यालयात एक चिनी मुलगी प्रवेश मागायला येते. प्रमुख तिला तोंडावर सांगतात, शिकून उपयोग काय, तुला नोकरी कोण देणार? ती म्हणते, मग चीनला जाऊन शिकवीन. प्रवेश मिळतो.

खरं तर चीन हा काही तिचा जन्मदेश नव्हे. अ‍ॅलिस फाँग 1905 साली जन्मली ती कॅलिफोर्नियातच, सिएरा नेवाडाच्या डोंगरात, सोन्याच्या खाणींसाठी वसलेल्या वॉशिंग्टन नावाच्या छोट्याशा गावात. पण 1882 च्या कायद्यानं चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद केलं होतं आणि इथंच जन्मलेल्या चिनी मुलांनाही लोक उपरेच समजत.

सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी तर हे आधीच दाखवून दिलं होतं. 1885 मध्ये मेमी टेप या मुलीचे आईवडील तिच्या सरकारी शाळेतल्या प्रवेशासाठी कोर्टात गेले आणि जिंकले. मग शहरानं काय करावं? चिनी मुलांसाठी वेगळी शाळाच काढली! चायनाटाउन या चिनी वस्तीतली ही शाळा पुढे कमोडोर स्टॉकटन या नावानं ओळखली जाऊ लागली. 1926 मध्ये अ‍ॅलिस तिथं रुजू झाली. शहराच्या सरकारी शाळांमधली ही पहिली चिनी-अमेरिकन शिक्षिका.

नोकरी मिळाली याचं एक कारण, तिला चिनी येत होतं. मुलं चिनी, बाकीच्या बाई गोऱ्या. त्यामुळे पालकांशी बोलायचं असो की आजारी पोराला सांभाळायचं, हाक फाँग बाईंनाच. आणि गंमत बघा, त्याच शाळेत मुलांनी चिनी बोलायला मात्र बंदी होती.

शाळा सुटली की बाईंचा दुसरा दिवस सुरू व्हायचा. 1924 मध्ये त्यांनी सहा मैत्रिणींसोबत 'स्क्वेअर अँड सर्कल' हा महिलांचा क्लब काढला होता. चौकोनी भोक असलेल्या गोल चिनी नाण्यावरून हे नाव घेतलं. चीनमधल्या अनाथ मुलांसाठी निधी हवा होता, तर या मुलींनी चक्क जॅझ नृत्याचा कार्यक्रम ठेवला. 'चायनीज डायजेस्ट' या इंग्रजी पत्रात बाई टोपणनावानं स्त्रियांसाठी सदरही लिहीत.

1937 मध्ये जपाननं चीनवर चढाई केली. जपानी रेशीम अमेरिकेत खपायचं, आणि त्याचा मोठा भाग बायकांच्या पायमोज्यांत जायचा. बाईंनी आणि क्लबनं रेशमी मोजे सोडून सुती मोजे घालण्याची हाक दिली. परदेशी मालावरचा बहिष्कार आपल्याला नवा नाही. आणि याच युद्धातल्या जखमींसाठी 1938 मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले होते.

पुढच्या काळात बाईंनी बोलण्यात अडचण येणाऱ्या मुलांसाठी काम केलं. 2000 साली त्या गेल्या.

त्याआधी, 1990 च्या दशकात, शहरानं एका सरकारी शाळेला त्यांचं नाव दिलं. अ‍ॅलिस फाँग यू (यू हे त्यांचं लग्नानंतरचं आडनाव) शाळेत लहान वर्गांना बहुतेक विषय कँटोनीज या चिनी बोलीतून शिकवतात. घरी चिनीचा एक शब्दही न बोलणारी मुलंसुद्धा तिथं शिकायला येतात.