श्वासाची बेगमी

(ठाण्यात नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिकांपुढे एका छातीविकारतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. समोरचे निम्मे चेहरे मला सकाळी कचराळी तलावावर भेटतात, त्यामुळे आज फुशारकी मारायची सोय नाही. लॉकडाऊनमध्ये माझं वजन ९ किलोंनी वाढलं, आणि तिसऱ्या फेरीला मी बाकावर टेकलेला तुम्ही पाहिलाय. ठाणे स्टेशनचा पूल चढून वर आलो की मी मोबाइल काढायचो. मेसेज कुणाचाच नसायचा, धाप लपवायची असायची.

त्याच काळात घरोघरी ऑक्सिमीटर आला. त्यामागचं तंत्र १९७० च्या दशकात शोधलं जपानच्या ताकुओ आओयागी यांनी. ते वारले एप्रिल २०२० मध्ये, सगळं जग बोटाला तो चिमटा लावून बसलं होतं नेमकं तेव्हा. त्या चिमट्यानं माणसं वाचवली, पण एक गैरसमजही मागे ठेवला. पेशंट येतो, खुर्चीत बसून आधी दम खातो आणि म्हणतो, "डॉक्टर, ऑक्सिजन ९७ आहे, म्हणजे फुप्फुसं ठणठणीत. मग जिना चढताना धाप का लागते?" आज या एवढ्याच प्रश्नावर बोलायचंय.

सगळ्यांनी एक हात पोटावर ठेवा आणि सावकाश श्वास घ्या. पोट पुढे आलं ना? छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक घुमट आहे, श्वासपटल. श्वास घेताना तो खाली उतरतो, पोटातला ऐवज पुढे ढकलतो आणि फुप्फुसांना पसरायला जागा करून देतो. पोटातच चरबी ठासून भरली असेल तर त्यानं उतरायचं कुठे? उभे असताना पोट निदान पुढे तरी लोंबतं. आडवे झालो की ते ओझं थेट छातीकडे सरकतं. उताणं झोपवत नाही, दोन उशा लागतात, ही तक्रार इथलीच. वाकून बुटाची नाडी बांधताना लागणारी धापही इथलीच. पण उशा वाढत चालल्या, पाय सुजायला लागले, तर आधी हृदय तपासून घ्या. सगळंच वजनावर ढकलू नका.

आता बेगमीचं. साधा श्वास सोडला तरी फुप्फुसं रिकामी होत नाहीत, सुमारे अडीच लिटर हवा आत उरते. सोसायटीच्या फळ्यावर 'उद्या पाणी येणार नाही' अशी नोटीस लागली की आपण टाकी भरून ठेवतो, तशी ही शरीराची टाकी. पोट सुटलं की ही टाकीच लहान होते. आणि घरातली माणसं मात्र वाढलेली! निवांत बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, शरीर वाढलं की ही मागणीही वाढते. भूल देणारे डॉक्टर हे पक्कं ओळखून असतात. स्थूल पेशंटचं डोकं आणि खांदे ते उंच करून घेतात, मास्कनं ऑक्सिजन देऊन टाकी काठोकाठ भरतात आणि मगच भूल देतात. कारण श्वास थांबला की अशा माणसाचा ऑक्सिजन इतरांपेक्षा फार लवकर घसरतो.

याच टाकीचा दुसरा घोळ तळाशी होतो. तिथल्या बारीक श्वासनळ्या श्वास सोडताना मिटून जातात, आणि उभ्या माणसाचं रक्त तर तळाकडेच जास्त जातं. म्हणजे गाडी फलाटाला लागली, पण चढायला प्रवासीच नाहीत. ठाण्यात हे दृश्य दिसणं अशक्य, पण फुप्फुसात दिसतं. रक्त तिथून ऑक्सिजन न घेताच पुढे जातं.

तरीही आकडा ९७ कसा? एक तर बाकीचं फुप्फुस बरंचसं सांभाळून घेतं. दुसरं म्हणजे हिमोग्लोबिनचा स्वभाव. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब बराच उतरला तरी हा आकडा दोन-तीन अंकांनीच हलतो. आणि तो ९७ मिळवायला श्वासाचे स्नायू किती राबले, ते यंत्र सांगतच नाही. धाप लागते ती बहुतेकदा त्या राबण्याची.

इथे माझी एक चूक सांगतो. पन्नाशीच्या एका बाई यायच्या. ओट्याखालचा पिठाचा डबा काढायला वाकल्या की धाप. मी दमा धरून सहा महिने पंप दिला. फुंकायची तपासणी केलीच नव्हती. केली तेव्हा दम्याची खूण नाही. दोष होता पोटाच्या घेराचा. स्थूल माणसाला दमा होतच नाही असं नाही, उलट त्याची शक्यता वाढते. म्हणूनच अंदाजानं पंप देऊ नये, आणि घेऊही नये.

खरी गोष्ट रात्रीची आहे. चरबी पोटावरच चढते असं नाही, गळ्याभोवती आणि जिभेतही साठते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की वाट अरुंद होते, तेच घोरणं. पूर्ण बंद झाली की श्वास थांबतो. १० सेकंद किंवा जास्त थांबला की आम्ही तो मोजतो. तासाला अशा ५ पर्यंत घटना चालतात, ३० च्या वर गेल्या तर आजार तीव्र. छाती धडपडत असते, टाकी आधीच लहान, ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून जागा होतो, मोठा घुर्रर्र आवाज होतो आणि पुन्हा तेच. आपण म्हणतो, "काय डाराडूर झोपलाय!" माझा एक पेशंट सीएसएमटीहून बसायचा, उतरायचं ठाण्याला, जाग यायची कल्याणला. तो आळशी नव्हता, रात्रभर जागाच होता. अशा माणसाचा रक्तदाब चढतो, सकाळी डोकं जड होतं, रात्री लघवीला उठावं लागतं. आणि ऑक्सिमीटर बघतो कधी? सकाळी चहा पिताना!

काहींच्या बाबतीत गाडी आणखी पुढे जाते. शरीर खोल श्वास घेणंच कमी करतं आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. परवा एकांनी विचारलं, "कोविडमधलं कॉन्सन्ट्रेटर माळ्यावर पडलंय, बाबांना रात्री लावू का?" मनानं अजिबात नको. अशा रुग्णाला नुसता ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. झोपेची गोळीही अशीच, विचारल्याशिवाय नाही.

उपाय? सीपॅप नावाचं यंत्र आहे, १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पुढे आणलेलं. हवेच्या दाबानं ते घशाची वाट उघडी ठेवतं. मास्क बघून माणसं बिचकतात, मग सवय झाली की गावाला जातानाही घेऊन जातात. वजनाचं म्हणाल तर अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. १० टक्के वजन वाढलं तर झोपेत श्वास अडण्याच्या त्या घटना सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतात, १० टक्के उतरलं तर सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतात. ९० किलोच्या माणसानं ९ किलो उतरवायचे, ६० वर यायची सक्ती नाही. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. मला मात्र टेपवर जास्त भरवसा. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरपेक्षा आणि बायकांचा ८० पेक्षा जास्त नको. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, अशी माणसं आपल्यात भरपूर.

(प्रश्नोत्तरांत तिसऱ्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "यांना कुशीवर झोपवायचं तरी कसं? उताणे होतात आणि घोरायला लागतात.")

जुनी युक्ती आहे, आजी. बनियनला पाठीमागे खिसा शिवा आणि त्यात टेनिसचा चेंडू घाला. उताणे झाले की टोचेल, आपोआप कुशीवर वळतील. तासाला ३० वेळा श्वास थांबत असेल तर नुसत्या चेंडूनं भागणार नाही, तेव्हा आधी झोपेची तपासणी करून घ्या.

(आजी: "चेंडू कशाला? चाळीस वर्षं माझं कोपर तेच काम करतंय.")