गेटवरचा बोर्ड आणि मामांचं बोट

सकाळचे पावणेसात, नाशिकचा त्र्यंबक रोड. हँडलला डबा अडकवलेल्या सायकली, एका बाइकवर तिघं, कंपन्यांच्या बसेस, सगळे सातपूर एमआयडीसीकडे वळतायत. बऱ्याच गेटवर एक हिरवा बोर्ड दिसतो बघा, "अपघातमुक्त दिवस", आणि पुढं आकडा. माझे मामा ज्या प्रेस शॉपमध्ये होते तिथंही होता. कंपनीचं नाव नाही सांगत.

मामा पॉवर प्रेसवर. पत्र्याची पट्टी डायमध्ये सरकवायची, पाय पॅडलवर, धप्प, पीस बाहेर, परत पट्टी. हात आत जाऊ नये म्हणून गार्ड होता, पण काढून भिंतीला टेकवलेला, कारण गार्ड लावला की टार्गेट होत नाही, हे तिथं हेल्परलाही माहीत. एका रात्रपाळीला पट्टी अडकली, मामा बोटानं ढकलायला गेले आणि पाय सवयीनं खाली गेला. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर गेलं. ते म्हणतात दुखलं नंतर, आधी नुसता हातमोजा ओला लागला.

आता कायदा. नोव्हेंबर २०२५ पर्यंत होता तो १९४८ चा कारखाना अधिनियम, कलम ८८. कारखान्यात अपघात झाला, माणूस गेला किंवा लागल्यामुळं ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, की मॅनेजरनं सरकारला कळवायचं. आपल्याकडं ते खातं म्हणजे औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालय, लोक अजून फॅक्टरी इन्स्पेक्टरच म्हणतात. मृत्यू असेल तर नोटीस मिळाल्यापासून महिन्याच्या आत चौकशी व्हायची. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सुरक्षा संहितेतही ही ४८ तासांची रेघ तशीच ठेवलीय.

आणि सगळी गंमत, गंमत कसली, याच रेघेत आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुपरवायझर घरी आला, सफरचंदं घेऊन. म्हणाला, "दादा, उद्या नुसतं येऊन बसा, पंच करा, काम कोण सांगतंय तुम्हाला, हजेरी भरते आणि पगारही चालू." मामांना वाटलं किती चांगला माणूस. मग बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून बारा दिवस टूल रूममध्ये स्टुलावर बसले, डाव्या हातानं वॉशर मोजत. कागदावर माणूस कामावर, म्हणजे ४८ तास भरलेच नाहीत, म्हणजे कळवायचं काही नाही. बोर्डावरचा आकडा रोज एकानं वाढत होता.

अमेरिकेत ही पळवाट आधीच ओळखलेली आहे. तिथं ओशाच्या, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या, नियमानं ठेवायच्या रजिस्टरमध्ये माणूस घरी बसला ते दिवस तर लिहायचेच, पण दुखापतीमुळं हलकं काम दिलं किंवा दुसऱ्या कामावर बसवलं तर तेही दिवस मोजून लिहायचे, म्हणजे मामांचं स्टूल तिथं थेट नोंदीत आलं असतं. बोट किंवा अवयव तुटला तर २४ तासांत कळवायचं, मृत्यू असेल तर ८ तासांत. वर्षभराचा गोषवारा कंपनीतल्या मोठ्या अधिकाऱ्याच्या सहीनं १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल कामगारांना दिसेल असा लावायचा. तिथंही लपवाछपवी होतेच म्हणा, पण निदान स्टूल चालत नाही.

आपल्याकडं ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, अपघात रजिस्टर असतं, आणि त्यातली एक गोष्ट फार कमी जणांना माहितीय. त्यात नोंद कामगार स्वतः करू शकतो, किंवा त्याच्या वतीनं दुसरं कुणी, आणि ती नोंद म्हणजेच मालकाला दिलेली सूचना धरतात. मामांनी ते रजिस्टर बघितलंच नव्हतं. ते ठेकेदाराचे माणूस, त्यांचा ईएसआय नंबरसुद्धा काढला नव्हता. तरी नंबर नाही म्हणून हक्क जात नाही, कारखाना ईएसआयखाली असेल तर लाभ मिळतो आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करता येते.

लाभ किती? बरं होईपर्यंत पगाराच्या साधारण ९० टक्के. कायमचं नुकसान असेल तर कायद्याला एक तक्ताच जोडलाय, बोटाबोटाचा. अंगठा पूर्ण गेला ३० टक्के, अंगठ्याशेजारचं बोट पूर्ण १४, दोन पेरं ११, एक पेर ९. मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि त्या हिशेबानं दरमहा पैसे मिळतात, आयुष्यभर. रक्कम छोटी असते, पण आयुष्यभर म्हणजे आयुष्यभर.

आणि प्रेस शॉपच्या आवाजानं कान गेला तर? तोही कळवायच्या आजारांच्या यादीत आहे, सिलिकोसिसच्या जोडीला. मामांशी बोलायला आता दोनदा ओरडावं लागतं, पण त्याबद्दल कुणी कधी विचारलंच नाही.

पुढं काम सुटल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून मामा क्लेमचं विचारायला गेले. साहेबांनी अपघाताचा रिपोर्ट मागितला, तो कंपनीनं भरलाच नव्हता. मग काय कागद आहे म्हणाले, तर त्या रात्री ज्या खाजगी दवाखान्यात नेलं होतं तिथला केस पेपर तेवढा मामींनी रेशन कार्डाच्या पिशवीत जपून ठेवला होता. सोबत गेलेल्या सुपरवायझरनं डॉक्टरला सांगितलेलं त्यावर लिहिलं होतं: घरी दरवाजात बोट सापडून इजा.

मामी आजही तो कागद दाखवताना हसतात. "आमच्या त्या खोलीला दरवाजा होताच कुठं, पत्रा लावायचो आम्ही."