पात्याचा जोर आणि सोयाबीनची शेंग

(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात सोयाबीनच्या हंगामाआधी शेतकरी आणि हार्वेस्टरमालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

शेतकरी बंधू-भगिनींनो,

पोळा झाला की आपल्याकडे सोंगणीचा हिशेब सुरू होतो. मजूर बाया मिळतील का, गुत्ता, म्हणजे ठोक ठेका, काय भावाने जाईल, की सरळ हार्वेस्टरच लावावा, हे घरोघरी बोलले जाते. यंत्राचा विषय निघाला की आपण इंजिन किती अश्वशक्तीचे आणि एकराला डिझेल किती, एवढेच विचारतो. मला आज त्याच्या अलीकडचा प्रश्न घ्यायचा आहे. झाड कापताना पाते किती जोर लावते आणि त्यातला किती जोर खरोखर कापण्याच्या कामी येतो?

हार्वेस्टरच्या एकूण शक्तीत कापणीचा वाटा लहानच असतो. बहुतेक डिझेल मळणीत आणि यंत्र शेतातून पुढे नेण्यात जाते. तरीही सोयाबीनमध्ये या लहान वाट्याकडे सर्वांत आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. जो जोर खोड कापत नाही, नुसते वाकवतो, ओढतो, हलवतो, तो खोडातून वर शेंगांपर्यंत पोहोचतो आणि वाळलेली शेंग तिथेच तडकते. हार्वेस्टरने सोंगलेल्या सोयाबीनमध्ये सांडणाऱ्या दाण्यांचा मोठा भाग मळणीच्या ढोलात सांडत नाही, तो पुढच्या कटरबारपाशीच, म्हणजे झाड कापणाऱ्या पात्यांच्या पट्टीपाशीच, जमिनीवर पडतो.

पाते खोडाला टेकले की ते लगेच आत शिरत नाही. आधी खोड दाबले जाते, त्यातले तंतू चेपतात आणि धारेखालचा दाब पुरेसा वाढल्यावरच ते तुटू लागतात. धार बोथट असेल तर हा चेपण्याचा टप्पा लांबतो आणि तेवढ्याच खोडासाठी जास्त जोर लागतो. धारेइतकीच महत्त्वाची आहे ती हलणारे पाते आणि फिंगरमधली, म्हणजे कटरबारच्या पुढे आलेल्या बोटासारख्या टोकांमधली, स्थिर पट्टी यांच्यातली फट. सैल झालेल्या कात्रीत कापड न कापता दुमडते, तसे बारीक, ओले खोड या फटीत दुमडून अडकते. मग ते कापले न जाता तुटेपर्यंत ओढले जाते. म्हणून हंगामाआधी पाते हाताने सरकवून पाहावे, वर-खाली खेळ असेल तर पाते दाबून धरणाऱ्या दाबपट्ट्या बसवून घ्याव्यात आणि वाकलेली फिंगर सरळ करावी. फिंगरमधून ये-जा करणाऱ्या त्रिकोणी पात्यांची ही रचना नवी नाही. अमेरिकेत ओबेड हसी यांनी 1833 मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले आणि आजच्या कटरबारचा गाभा तोच आहे.

पात्याची धार तिरकी असते, कारण तिरक्या धारेने खोड एकदम न तोडता सरकत कापले जाते आणि एका क्षणी लागणारा जोर कमी होतो. मात्र तिरकेपणा फार झाला तर खोड पुढे निसटते. वाळलेल्या, गुळगुळीत खोडाला दातेरी पाते धरून ठेवते, म्हणून सोयाबीनला तेच बरे. दातेरी वैभव विळा वापरणाऱ्या बायांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आता वेगाकडे येऊ, कारण सर्वांत जास्त नुकसान मला इथेच दिसते. बहुतेक कटरबारमध्ये पाते एका धावेत 3 इंच, म्हणजे 76 मिलिमीटर सरकते. पाते चालवणारा क्रँक मिनिटाला 500 फेरे घेत असेल तर जाण्या-येण्याच्या मिळून पात्याच्या 1000 धावा होतात. यंत्र ताशी 4 किलोमीटरने चालले तर प्रत्येक धावेत ते सुमारे 67 मिलिमीटर पुढे जाते. ताशी 6 किलोमीटरने चालवले तर 100 मिलिमीटर. पात्याच्या धारेची लांबी तेवढी नसते, त्यामुळे मधल्या पट्ट्यातली झाडे आधी पुढे वाकतात आणि मग वाकलेल्या स्थितीत कापली जातात. कापलेल्या शेतात बुडखे एकसारखे नसतील, उंच-सखल ओळी दिसत असतील, तर चालकाने वेग कमी करावा. वेग तसाच ठेवून क्रँकचे फेरे वाढवणे हा उपाय नाही. पाते प्रत्येक धावेच्या शेवटी थांबून उलटे फिरते आणि त्यासाठी लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 500 चे 750 केले तर तो सव्वादोन पट होतो, बेअरिंग लवकर खराब होते आणि त्या थरथरीने शेंगा आणखी फुटतात.

उंचीचाही प्रश्न आहे. बुडाशी खोड जाड असते. 6 मिलिमीटरच्या जागी 8 मिलिमीटरचे खोड कापायचे तर कापायचा छेद सुमारे पावणेदोन पट होतो. पण सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीलगत असतात. उंच कापले तर त्या बुडख्यालाच राहतात. म्हणून खालूनच कापावे लागते, आणि मग ढेकळे, दगड पात्याला लागून धार जाते. बरड जमीन असलेल्यांनी दगड वेचणे आणि शेवटची वखरपाळी नीट देणे हे सोंगणीचेच काम समजावे.

लहान शेतकऱ्यांमध्ये पाठीवरचा किंवा खांद्यावरचा ब्रश कटर वाढतो आहे. त्यात खोडाला मागून आधार देणारी पट्टी नसते. खोड स्वतःच्या जडपणावर उभे असतानाच ते तोडावे लागते, म्हणून वेग फार लागतो. 10 इंची चकती मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 80 मीटर होतो. तुरीच्या जाड, ताठ खोडाला हे यंत्र शोभते, कारण ते खोड स्वतःच आधार देते. सोयाबीनला मात्र चकती बोथट होऊ देऊ नये; बोथट चकतीला पेट्रोल जास्त लागते आणि झाड कापण्याऐवजी उडवले जाते. उडालेल्या खड्यापासून डोळे आणि पाय जपावेत, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

सर्वांत अवघड प्रश्न वेळेचा आहे. भर दुपारी खोड कोरडे, ठिसूळ असते आणि कमी जोरात तुटते; पण त्याच वेळी शेंगही तडकायला तयार असते. सकाळी दवामुळे शेंग लवचीक असते, तर खोड चिवट असते आणि जोर जास्त लागतो. धार चांगली असेल तर सकाळचा चिवटपणा परवडतो, बोथट पात्याने परवडत नाही. एकाच वेळी कापून मळणाऱ्या हार्वेस्टरला ओल्या शेंगा चालत नाहीत, त्यामुळे त्याला दव उतरेपर्यंत थांबावे लागते. ज्यांचे शेत लहान आहे आणि विळ्याने किंवा रिपरने, म्हणजे नुसत्या कापणाऱ्या यंत्राने, कापणी होते, त्यांनी सकाळी कापून सुड्या, म्हणजे कापलेल्या झाडांचे ढीग, लावाव्यात, शेंगा चांगल्या वाळू द्याव्यात आणि मग कोरड्या दुपारी हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, लावावा.