काळ्या रानातले घर आणि पायाशी मुरणारे पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मराठवाड्यात जुनी माणसे गावच्या जमिनीचे दोन भाग सांगत आली आहेत: काळी आणि पांढरी. काळी पिकासाठी आणि पांढरी वस्तीसाठी. परभणी, लातूर, नांदेड या शहरांभोवती मात्र आता काळ्या रानातच प्लॉट पडले आहेत, आणि जेथे परवापर्यंत कापूस आणि तूर उभी होती तेथे आपण स्लॅबची घरे बांधली आहेत. या घरांच्या भिंतींना चार-दोन वर्षांतच चिरा पडतात, आणि दोष बहुधा गवंड्याला किंवा सिमेंटला दिला जातो. माझ्या अनुभवात खरे कारण बहुतेक वेळा पायाशी मुरणाऱ्या पाण्यात सापडते.

काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते, ते पाणी शोषून घेते आणि फुगते. पावसाळ्यात माती वर उचलते, उन्हाळ्यात आकसते, आणि वैशाखात आपल्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशीच हालचाल घराखालीही होत असते. घराच्या मध्यभागाखालची माती झाकलेली असल्यामुळे तिची ओल टिकते, पण कडेची माती कधी भिजते, कधी वाळते; म्हणून पाया एकसारखा हलत नाही, आणि दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात. एकमजली, हलक्या घरांना हा त्रास अधिक होतो, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजन त्यांच्यात नसते.

परभणीतील माझ्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीपासून अशीच एक चीर निघाली होती. तीन वर्षे दर दिवाळीला आम्ही ती सिमेंटने भरून वर रंग दिला, आणि दर वर्षी ती पुन्हा उघडली. चौथ्या वर्षी न्हाणीजवळची फरशी उकरली, तेव्हा सांडपाण्याचा पाईप सांध्यात निखळलेला दिसला. रोजच्या आंघोळीचे पाणी पायाच्या एकाच कोपऱ्यात मुरत होते, आणि तेवढाच कोपरा फुगून वर उचलला जात होता.

म्हणून दुरुस्तीचा आरंभ चिरेपासून करू नका. चीर जेथे संपते तेथे पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, आणि चिरेवर काचेची लहान पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने आडवी चिकटवा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. उन्हाळ्यात रुंद होणारी आणि पावसाळ्यात मिटणारी चीर मातीच्या ऋतुमानाप्रमाणे चालते. ऋतू कोणताही असो, जी एकाच दिशेने वाढत जाते तिच्यासाठी मात्र स्थापत्य अभियंत्याला घरी बोलवावे लागते.

त्यानंतर घराभोवती एक फेरी मारा. गच्चीचे पाणी पाईपमधून थेट जोत्याशी पडते का, बोअरच्या टाकीचे वाहून जाणारे पाणी कोठे जाते, शोषखड्डा भिंतीला लागून आहे का, हे पाहा. सांडपाणी जमिनीत मुरवण्याचा नांदेड जिल्ह्यात रुजलेला मार्ग चांगलाच आहे, पण काळ्या मातीत तो खड्डा पायापासून निदान दहा-बारा फूट दूर हवा. जोत्याभोवती चारही बाजूंनी किमान तीन-चार फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा घाला, त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या, आणि भिंत व पट्टा यांच्यातील सांधा सिमेंटने न बुजवता डांबराने भरा, म्हणजे पट्टा थोडा हलला तरी सांधा उघडा पडत नाही. वड-पिंपळासारखी मोठी झाडे भिंतीजवळ लावू नका, कारण उन्हाळ्यात त्यांची मुळे पायाखालची ओल ओढून घेतात.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. काळ्या मातीत पाया खोदून भोवती मुरूम भरण्याची आपली रीत योग्य आहे, पण वरून पट्टा नसेल तर तीच चारी पावसाचे पाणी साठवणारा हौद होते. मुरमातून पाणी भराभर खाली उतरते, आणि बाजूची काळी माती ते बाहेर जाऊ देत नाही.

पाया खरोखरच खचला असेल तर त्याखाली नवे काँक्रीट द्यावे लागते, आणि ते काम एका वेळी तीन-चार फुटांच्या तुकड्यांतच करायचे असते. लगतचे दोन तुकडे एकदम उघडले तर भिंतीचा आधारच निघून जातो. नवे घर बांधणाऱ्यांनी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या, तळाशी फुगीर केलेल्या खांबांच्या पायाची माहिती अभियंत्याकडून घ्यावी. तो साधारण साडेतीन मीटर खोल, ऋतूंची हालचाल पोचत नाही तेथवर नेतात.

जुन्या दगडी घरांविषयी बोलताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. किल्लारी परिसरात भूकंपाने मातीत रचलेल्या, दोन तोंडांच्या जाड भिंती कोसळल्या, आणि हजारो माणसे त्यांखाली गेली. अशा भिंतींत आरपार जाणारे दगड नसतात, आणि माळवदातून झिरपणारे पाणी आतली माती धुऊन नेते. भिंतीला पोट आलेले दिसले की ते गिलाव्याखाली झाकू नका. छताची गळती थांबवून, आरपार भोके घेऊन त्यांत सळई आणि काँक्रीट भरून दोन्ही तोंडे बांधून घ्यावी लागतात.

तळघराचा प्रश्न वेगळा आहे. शहरांतल्या दुकानांखालची तळघरे पावसाळ्यात ओलावतात, तेव्हा ओल कोठून येते ते आधी ओळखा. भिंतीवर दीड फुटाचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीच्या बाजूने जमले तर पाणी बाहेरून झिरपते आहे. खोलीच्या बाजूने जमले तर हवेतील बाष्प थंड भिंतीवर जमते आहे, आणि तेथे हवा खेळती ठेवणे पुरते. बाहेरच्या पाण्यासाठी आतून रंग लावून भागत नाही. एक मीटर उंचीचे पाणी तळाशी चौरस मीटरला सुमारे एक टन दाब देते, आणि तो आतला थर ढकलून पाडतो. बांधतानाच बाहेरून शहाबादी फरशीचे पेटीसारखे जलरोधक वेष्टण करून घेणे उत्तम. जुन्या तळघरात कडेने चर काढून पाणी एका खड्ड्यात आणावे आणि पंपाने उपसावे.

हे सारे मृगाच्या आधी करून घ्या. भिंतीवरची काचेची पट्टी पूर्ण एक पावसाळा आणि एक उन्हाळा तशीच राहू द्या, आणि ती अभंग राहिली तरच चीर भरण्यासाठी गवंड्याला बोलवा.