साडेसातचा बिघाड

नमस्कार श्रोतेहो.

मला आज विषय दिलाय ग्राहकसेवा. गोव्यात म्हापशाला टीव्ही, फ्रिज, मिक्सर विकणाऱ्या एका दुकानात मी सत्तावीस वर्षं तक्रारींच्या टेबलावर बसलो, म्हणून माझी आठवण झाली असावी. विक्रीच्या टेबलावर गिऱ्हाईक हसत येतं. तेच गिऱ्हाईक सहा महिन्यांनी माझ्या टेबलावर पिशवीतून मिक्सरचं भांडं काढत येतं. शुक्रवारी तर विचारूच नका. बाजाराचा दिवस. एका हातात बिघडलेली इस्त्री, दुसऱ्या हातात सुक्या बांगड्यांची पुडी, आणि बस सुटायला दहा मिनिटं.

कामाचं आधी सांगून टाकतो. बिल जपून ठेवा. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे ना, ते दुकानातच बघा. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा 1986चा. आताचा 2019चा, तो 20 जुलै 2020पासून लागू आहे. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. पुन्हा सांगतो, एक नऊ एक पाच. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं तर दोन वर्षांच्या आत. आणि बिल जपून ठेवा. हल्लीच्या गुळगुळीत बिलांची शाई वर्षभरात उडते, तेव्हा झेरॉक्स काढा. झालं.

आता ती टीव्हीची गोष्ट.

साल 2001च्या आसपासचं. अल्फा मराठी, म्हणजे आताची झी मराठी वाहिनी, 1999 साली सुरू झाली होती, केबल गावागावांत पोचत होती. डिचोली तालुक्यातल्या एका वहिनींनी आमच्याकडून एकवीस इंची टीव्ही नेला. तीन महिन्यांनी तक्रार घेऊन आल्या. रोज संध्याकाळी मालिका लागली की चित्र आकसतं, चारी बाजूंनी काळं होतं, मग नुसती खरखर. बातम्यांना टीव्ही ठणठणीत. मालिकेलाच बिघडतो.

आमचा मेकॅनिक सकाळी जाऊन आला. टीव्ही चालू. कार्डावर लिहिलं, दोष आढळला नाही. पुढच्या शुक्रवारी वहिनी परत हजर. मेकॅनिक परत गेला, परत सकाळीच. परत तेच, दोष आढळला नाही. तिसऱ्या खेपेला आमचे मालक माझ्या कानात म्हणाले, "मोठा टीव्ही बदलून हवा असेल." वहिनींनी ते ऐकलं. पिशवी खाली ठेवली आणि कोकणीत एवढंच म्हणाल्या, "हांव फट उलयना." मी खोटं बोलत नाही.

मी विचारलं, "वहिनी, नेमकं किती वाजता?"

"साडेसातला."

तीन खेपांत हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. श्रोतेहो, वस्तू काय बिघडली ते सगळे विचारतात. कधी बिघडते ते विचारा. कधी, ते विचारा. आता फोन केला की यंत्र सांगतं, एक दाबा, दोन दाबा. साडेसातला बिघडतो, यासाठी कुठलं बटण दाबायचं?

त्या सोमवारी दुकान जरा लवकर सोडलं, मीटर पिशवीत टाकला आणि अस्नोड्यावरून स्कूटरने त्यांच्या घरी पोचलो. घर विजेच्या लाइनीच्या अगदी शेवटच्या खांबावर, मागे कुळागर, म्हणजे पोफळींची बाग. वहिनींनी चहा दिला. पोरं पाटावर बसली. शेजारच्या दोघीही आल्या, बहुधा मालिकेपेक्षा मला बघायला. मी प्लगमध्ये मीटर लावला: दोनशे दहा व्होल्ट. साडेसात वाजले. शीर्षकगीत सुरू झालं. मागच्या बाजूला कुठेतरी घुर्रर्र झालं, आणि मीटरचा काटा दीडशेवर येऊन बसला. चित्र आकसलं. "बघा!" म्हणून सगळ्या एकदम ओरडल्या.

मी मागच्या दाराने बाहेर आलो. विहिरीपाशी वहिनींचे सासरे उभे, हात पंपाच्या स्विचवर. दीड हॉर्सपॉवरची मोटर. लांबून आलेली बारीक तार, त्यात ही मोटर एवढी वीज ओढणार, मग टीव्हीच्या वाट्याला काय राहणार?

"काका, पोफळींना पाणी आत्ताच?"

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "दिवेलागणीला घरात रोज रडारड. मालिकेतल्या बाया रडतात, त्यांना बघून ह्या रडतात. जेवण नऊला. तुम्ही काही बोलू नका."

इथे मला त्या काकांची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. मालिकांतली ऑफिसं बघा. कोट्यवधींची कंपनी, विकते काय ते कुणाला ठाऊक नाही, फाइल एकच आणि ती चोरीला जाते. तक्रारींचं टेबल तर मी एकाही मालिकेत बघितलेलं नाही. आमच्या जत्रेच्या नाटकात गॅरेजमधला पोरगा राजा होतो, प्रॉम्प्टर त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलतो, पण राजा एकदा मेला की मेला. पहाटे घरी जाता येतं. मालिकेत मेलेलाही चार महिन्यांनी तोंडावर पट्ट्या बांधून परत येतो.

असो. कार्डावर मी लिहिलं: व्होल्टेज कमी, स्टॅबिलायझर बसवावा. खोटं त्यात काहीच नव्हतं. काकांचं नाव तेवढं नव्हतं. शुक्रवारी वहिनी स्टॅबिलायझर न्यायला आल्या. पैसे मोजताना नोटांवरची नजर न काढता म्हणाल्या, "पंप सकाळीही चालतो हो."

पुढल्या चतुर्थीला काका माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजाराला म्हापशाला आले होते. दुकानात डोकावले. मला वाटलं, स्टॅबिलायझर बिघडला. ते टेबलावर वाकून म्हणाले, "काल नातवाने मध्येच चॅनल बदललं. त्या थोरल्या सुनेवर दागिन्यांचा आळ घेतला तो कुणी, ते कळलं का?"

मी म्हटलं, "काका, मी मालिका बघत नाही."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग संध्याकाळी करता तरी काय?"