मलप्रभेचं नाव कसं लिहायचं?

(टेबलावर भारतीय सर्वेक्षण खात्याचा ४८ आय क्रमांकाचा नकाशा. भिंग कणकुंबीवरून खाली सरकतं.)

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीला उगम पावणारी ही मलप्रभा नदी. नदीचं नाव तिरप्या अक्षरांत, पात्राच्या वळणाने. गावांची नावं उभी. हा संकेत जुना, नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरत तेव्हापासूनचा.

(पत्रा, कोरणी, उलटी अक्षरं.)

पत्र्यावर अक्षर उलटं कोरायचं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. चुकलं तर खरवडायचं, पत्रा मागून ठोकून सपाट करायचा आणि पुन्हा कोरायचं. १८३४ मध्ये अमेरिकेत सिडनी मोर्स यांनी मेणावर नकाशा काढायची पद्धत आणली. पुढे छापखान्याचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, थेट मेणात दाबून नावं उठवू लागले. नंतर नावं फोटोने लहान करून बसवू लागले. पण पुस्तकाचा खिळा फोटोने लहान केला की बारीक रेघ तुटते, अक्षराचं पोट, म्हणजे आतली मोकळी जागा, शाईने भरतं. म्हणून १९३०च्या दशकात नॅशनल जिओग्राफिकच्या चार्ल्स रिडिफर्ड यांनी खास नकाशासाठी अक्षरं रेखाटली.

देवनागरीत मात्र आपण बहुतेकदा पुस्तकाचाच फॉन्ट नकाशावर बसवतो.

(येळ्ळूर, धामणे: नावं मोठी होत जातात.)

येळ्ळूर पाहा. 'ळ'ला 'ळ' जोडलेला, त्याखाली दीर्घ उकार. रोमन नावाच्या उंचीत हे कोंबलं तर उकार समोच्च रेषेत, म्हणजे उंची दाखवणाऱ्या रेघेत, हरवतो. धामण्याच्या 'ध'ची गाठ भरली की 'घ' वाटतो.

मलप्रभेचं आणखी अवघड. रोमन अक्षरं नदीभर विखुरली तरी शब्द टिकतो. इथे शिरोरेषा तुटली की सुटी अक्षरं उरतात आणि ताणली तर ती रस्त्याची रेघ वाटते. 'प्र' अखंड ठेवायचा, अंतर थोडंच वाढवायचं, शिरोरेषा वळणाबरोबर वाकवायची. नदी लांब असेल तर नाव ताणण्यापेक्षा दोनदा लिहावं.

(मोबाइलचा पडदा. निपाणीवर बोट.)

ही निपाणी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या संकेतात, 'न' आधी साठवला जातो, वेलांटी नंतर. दाखवताना तिला 'न'च्या अलीकडे आणणं हे अक्षरजुळणीचं काम. काही वेब नकाशे ते करतच नाहीत, मग वेलांटी 'पा'ला चिकटते. चिकोडीची 'को'ला. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. हार्फबझसारखी जुळणीप्रणाली जोडावी लागते.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावर गावाचं कन्नड आणि मराठी नाव वेगवेगळ्या रकान्यांत भरता येतं. भरलेलं नाव मोडकं दिसलं, तर वाटसरू फाट्यावर अडतो.

नकाशाच्या देवनागरीला मोकळी पोटं हवीत, आखूड उकार हवेत, रफार शिरोरेषेला लागून हवा. आणि तिची परीक्षा ६ पॉइंटला, येळ्ळूर आणि निपाणी छापूनच घ्यावी.