राइडची वेळ राखून ठेवली, तर रांग जाते कुठे?

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं की पहिला प्रश्न तिकिटाचा येतो आणि दुसरा हमखास लाइटनिंग लेनचा, म्हणजे पैसे भरून राइडची वेळ राखून ठेवणाऱ्यांच्या वेगळ्या रांगेचा. घ्यायची का, किती दिवस आधी, कोणकोणत्या राइडसाठी? त्याकडे येऊच, पण आधी एक हिशेब मांडू द्या. तो कळला की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

रोलर कोस्टरची एक गाडी धरू. जागा २४, आणि दर ५० सेकंदांनी एक गाडी फलाटावरून सुटते. तासाला ७२ फेऱ्या, म्हणजे १,७२८ माणसं. ही त्या राइडची ताशी क्षमता. आरक्षण फुकट द्या की विकत, चिठ्ठीवर द्या की मोबाइलवर, हा आकडा एकानेही वाढत नाही. तो वाढतो फक्त फलाटावर. मांडीवरचे दांडे झटपट तपासले गेले, पिशव्या आधीच बाजूला ठेवल्या, एखादी रिकामी जागा एकट्या आलेल्या माणसाने भरली, तर.

आता या १,७२८ पैकी १,३८० जागा आधीच वेळ देऊन राखून ठेवल्या असं समजा. साध्या रांगेला, ज्याला तिथे स्टँडबाय म्हणतात, उरल्या ३४८. तुमच्यापुढे ३४८ माणसं उभी असतील तर पूर्ण क्षमतेने तुमचा नंबर १२ मिनिटांत लागला असता. इथे एक तास लागतो. म्हणून रांगेची लांबी डोळ्यांनी मोजून अंदाज बांधू नका. दोन वळणांची छोटी रांगसुद्धा तासभर खाते, कारण खरी रांग दिसतच नाही. ती दुकानांत बसलेली असते, जेवत असते. न्यायाने हेही सांगायला हवं की आरक्षण नसतं तर ती १,३८० माणसंही तुमच्यासोबत उन्हात उभी असती. सगळ्यांच्या थांबण्याची बेरीज आरक्षणाने कमी होत नाही, ती एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. तिरुपतीला ३०० रुपयांचं वेळ दिलेलं तिकीट आणि सर्वदर्शनाची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावायला नको. देवासमोरून तासाला किती माणसं सरकतात हे तिकिटाने बदलत नाही.

बिघाड कुठे होतो ते पाहा. गाडी सुटायला ५० ऐवजी ६० सेकंद लागू लागले. दहाच सेकंद! फेऱ्या झाल्या ६०, माणसं १,४४०. क्षमता सहाव्या हिश्शाने घटली, पण १,३८० जणांना दिलेला शब्द तसाच आहे. साध्या रांगेला उरल्या ६० जागा, म्हणजे आधीच्या ३४८ चा जेमतेम सहावा हिस्सा. प्रत्यक्षात दोन रांगा जिथे एकत्र येतात त्या जागेवरचा, म्हणजे मर्जवरचा, कर्मचारी दोन्ही बाजूंना थोडंथोडं रोखतो आणि तोटा वाटून देतो. तरी मोठा वाटा साध्या रांगेच्याच पदरात पडतो. थीम पार्कमधलं सगळ्यात कठीण काम मला या मर्जवरच्या माणसाचं वाटतं. एका बाजूला वेळ दाखवणारे, दुसऱ्या बाजूला दीड तास उभे राहिलेले, आणि दोघांच्या मध्ये तो एकटा.

राइड तासभर बंद पडली तर आणखी बिकट. त्या तासाच्या सगळ्या आरक्षणांच्या बदल्यात नंतर कधीही वापरता येईल असा पास मिळतो. राइड सुरू झाली की ही मंडळी पुढच्या तासाच्या मंडळींवर येऊन आदळतात आणि साधी रांग जागच्या जागी थिजते. त्यामुळे नुकत्याच सुरू झालेल्या राइडकडे धावत जाताना आधी लाइटनिंग लेनच्या दारावर नजर टाका. ती रांग दाराबाहेर आली असेल तर अर्ध्या तासाने परत या.

डिस्नेने ही आरक्षणाची पद्धत १९९९ मध्ये फास्टपास नावाने सुरू केली. यंत्रात प्रवेशाचं तिकीट घालायचं, एक तासाची मुदत छापलेली चिठ्ठी घ्यायची, त्या तासात परत यायचं. फुकट होतं. रांगेत अडकलेला माणूस खरेदी करू शकत नाही, मोकळा केला तर करतो, हा व्यापारी विचार त्यामागे होता. फ्लोरिडात चिठ्ठीवरची शेवटची वेळ २०१२ पर्यंत काटेकोरपणे पाळली जात नसे. माहीतगार लोक सकाळच्या चिठ्ठ्या संध्याकाळी वापरत, आणि संध्याकाळच्या साध्या रांगेचा हिशेब कोलमडे. पुढे फास्टपास प्लस आला. मनगटी पट्टा, आणि तीन राइड महिना-दोन महिने आधी ठरवायच्या. यात एक फरक पडला जो वरवर दिसत नाही. ज्या राइडवर एरवी आत शिरलं की थेट नावेत बसायला मिळत असे, त्यांनाही आरक्षण लागलं आणि त्यांच्याही साध्या रांगा वाढल्या. मोठ्या क्षमतेच्या राइड गर्दी शोषून घेतात, त्या पार्कच्या धरणासारख्या असतात. त्यांना आरक्षण लावणं ही माझ्या मते चूक होती.

ऑक्टोबर २०२१ मध्ये जिनी प्लस हा आरक्षणाचा विकतचा पास आला, माणशी दिवसाला १५ डॉलर, आणि फुकटचा काळ संपला. जुलै २०२४ पासून त्याचंच नाव लाइटनिंग लेन मल्टी पास. अगदी नव्या, गाजलेल्या राइडसाठी वेगळा सिंगल पास. मला खटकते ती गोष्ट पैशांची नाही. साधी रांग जितकी नकोशी, तितका पास जास्त खपतो, हे गणित खटकतं. राखीव जागांचं प्रमाण साध्या रांगेच्या दारावर लिहिलं गेलं पाहिजे. थांबायचं की नाही हे ठरवण्याचा माणसाचा हक्क त्याशिवाय अपुरा आहे.

टोकियोत दुसरं टोक दिसलं. डिस्नेसी या तिथल्या डिस्ने पार्कचा नवा भाग जून २०२४ मध्ये उघडला तेव्हा तिथल्या राइडना स्टँडबाय पास हवा, किंवा विकतचा प्रीमियर ॲक्सेस. स्टँडबाय पास फुकट, पण संपला की संपला. दोन तास उभं राहायची तयारी असलेल्या माणसालाही दार बंद. साध्या रांगेत निदान चिकाटीला किंमत असते.

डिस्नेची स्पर्धक असलेल्या युनिव्हर्सलच्या पार्कांतल्या एक्सप्रेस पासला ठरावीक वेळच नसते. दाखवा आणि शिरा. ऑर्लँडोत त्यांच्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत उतरणाऱ्यांना तो दोन जुन्या पार्कांसाठी मुक्कामाबरोबर मिळतो. चार जणांचं कुटुंब असेल तर एका रात्रीचं भाडं आणि चार पासांची किंमत शेजारी मांडून पाहा. एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कला मात्र ती सोय लागू नाही.

आता डिस्ने वर्ल्डचा मल्टी पास हातात आहे असं धरू. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी, इतरांना भेटीच्या तीन दिवस आधी, फ्लोरिडाच्या सकाळी सातला बुकिंगची खिडकी उघडते. भारतातून बुक करणाऱ्यांसाठी ती उन्हाळ्यात दुपारी साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. सगळ्यांची तिकिटं एकाच खात्यात आदल्या दिवशीच जोडून ठेवा. एका आजोबांचं तिकीट सुटलं तर ऐन वेळी सगळ्यांचंच बुकिंग अडतं. तीन राइड आधी घेता येतात. मॅजिक किंगडम, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या डिस्ने वर्ल्डमधल्या पार्कांत राइडचे दोन गट आहेत. मोठ्या मागणीच्या गटातली एक, बाकी दोन दुसऱ्या गटातल्या. पहिली वापरली की दारावर तिकीट टेकवल्याच्या क्षणापासून चौथी घेता येते, म्हणून तिन्ही वेळा सकाळच्या घ्या. संध्याकाळी सातची एक उत्तम राइड मिळते म्हणून ती धरून बसलात तर ती जागा दिवसभर अडून राहते. वेळ बदलायची असेल तर रद्द करून नव्याने शोधू नका, त्याच बुकिंगमध्ये बदल करा. रद्द केलेली जागा परत मिळेलच असं नाही.

एक राइड दिवसात एकदाच मिळते. मुलांची उंची घरीच मोजा. स्पेस माउंटनला ४४ इंच लागतात, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८, ट्रॉनला ४८. दारावरची पट्टी आरक्षण बघत नाही. उघड्यावरच्या राइड दुपारनंतरच्या ठेवू नका. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात दुपारी विजा येतात आणि अशा राइड बंद होतात. एपकॉटच्या तळ्याभोवतीचा रस्ता सुमारे दोन किलोमीटर आहे. गुडघे दुखणारे आई-बाबा सोबत असतील तर तळ्याच्या दोन टोकांच्या वेळा लागोपाठ लावू नका. आरक्षणाची शिस्त पाळण्यासाठी माणसांना पळवणं हा या पद्धतीचा सगळ्यात वाईट परिणाम आहे, आणि तो आपल्या हाताने होतो. सोबत पॉवर बँक ठेवा, कारण मोबाइल संपला की पुढचं बुकिंगही थांबतं.

पासच घेतला नाही तर? दिवसाचा पहिला तास आणि शेवटचा तास धरा. रात्री मुलं दमलेली कुटुंबं परततात, राखीव वेळा वाया जातात आणि त्या जागा साध्या रांगेकडे वळतात. पार्क बंद व्हायच्या एक मिनिट आधी जरी रांगेत शिरलात तरी डिस्नेत तुम्हाला राइड मिळते, आणि त्या वेळी दारावरच्या पाटीवर लिहिलेली मिनिटं बहुधा खऱ्यापेक्षा जास्त असतात.